प्रोग्रॅम म्हणजे नुसते फोल्डर नव्हे

विंडोजच्या संगणकात सी ड्राइव्ह भरत आला की त्याची पट्टी लाल होते. शेजारचा डी ड्राइव्ह मात्र बहुधा निम्माही भरलेला नसतो. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधली मोठी फोल्डरे कट करून डीवर पेस्ट करा. हा सल्ला साफ चुकीचा आहे. तरीही तो वर्षानुवर्षे दिला जातो आणि नीट चाललेली सॉफ्टवेअर त्यापायी बंद पडतात.

सेटअप चालवला की प्रोग्रॅमच्या मुख्य फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जातात, पण सगळा प्रोग्रॅम तिथे मावत नाही. अनेक प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामाईक फाइल विंडोजच्या फोल्डरांत असतात. सेटिंग ‘अ‍ॅपडेटा’ आणि ‘प्रोग्रॅमडेटा’मध्ये राहतात. शिवाय विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदी होतात: कोणत्या प्रकारची फाइल या प्रोग्रॅमने उघडायची, पाठीमागे चालणारी सेवा कुठून सुरू करायची, काढून टाकण्याची फाइल कुठे आहे. यातल्या बहुतेक नोंदींत सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता असतो. फोल्डर उचलून डीवर नेले तरी हे पत्ते जुनेच राहतात. घर बदलले म्हणून रेशनकार्डावरचा पत्ता आपोआप बदलत नाही, तसेच हे. मग शॉर्टकट चालत नाही, फाइलवर डबल क्लिक केले तर ती कशाने उघडायची असा प्रश्न येतो आणि अपडेट अडते. इतकेच नव्हे, तो प्रोग्रॅम रीतसर काढूनही टाकता येत नाही, कारण अनइन्स्टॉलरही जुन्या पत्त्यावर सापडत नाही.

‘पण माझा तर चालला!’ हे उत्तर यावर ठरलेले असते. काही प्रोग्रॅम खरोखर चालतात. पोर्टेबल म्हणून मिळणारे प्रोग्रॅम, उदाहरणार्थ व्हीएलसीची झिप आवृत्ती, आपल्या फोल्डरातूनच चालतात आणि कुठेही नेता येतात. या अपवादावरच सगळा गैरसमज तगून आहे. बाकीच्यांपैकी काही आज उघडतात आणि पुढच्या अपडेटला अडकतात.

याच सल्ल्याचा आणखी घातक प्रकार म्हणजे रजिस्ट्रीत ‘प्रोग्रॅम फाइल्स’चा पत्ताच बदलून टाकणे. या बदलाला आपला पाठिंबा नाही आणि त्यामुळे काही प्रोग्रॅम व अपडेट बिघडू शकतात, असे मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मदत-लेखात स्पष्ट सांगितले आहे. संपूर्ण ‘यूजर्स’ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवल्यास विंडोजची पुढची आवृत्ती चढवता येत नाही, हेही त्याच कंपनीने लिहून ठेवले आहे. जुन्या जागी नव्या जागेकडे वळवणारी ‘जंक्शन’ ही सोय एनटीएफएसमध्ये विंडोज 2000 पासून आहे. एखाद्या मोठ्या गेमच्या फोल्डरापुरती ती उपयोगी पडते, पण पूर्ण ‘प्रोग्रॅम फाइल्स’साठी ती वापरू नये.

खरा मार्ग साधा आहे. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करावा, सेटअप पुन्हा चालवावा आणि जागा विचारली जाईल तिथे डीवरचे फोल्डर द्यावे. सेटअप जागा विचारत नसेल, जसा क्रोमचा विचारत नाही, तर तो प्रोग्रॅम सीवरच राहू द्यावा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या अनेक अ‍ॅपना सेटिंग्जमध्येच ‘मूव्ह’ बटण असते. स्टीमच्या गेमना स्टीमच्या आतूनच दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येते.

वैयक्तिक फोल्डरांबाबत लोकांना नेमकी उलटी भीती वाटते. ती हलवणे मात्र सोपे आहे. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज यांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’ टॅबवर ‘मूव्ह’ दाबले की नवी जागा देता येते. फाइल नेणे आणि रजिस्ट्रीतला पत्ता बदलणे ही दोन्ही कामे विंडोज करते. जपायचे ते एवढेच की प्रत्येकासाठी डीवर आधी स्वतंत्र फोल्डर बनवावे. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर अख्खा ड्राइव्हच डॉक्युमेंट्स बनून बसतो आणि तो पूर्ववत करणे जिकिरीचे होते. वनड्राइव्हचा फोल्डर-बॅकअप चालू असेल तर तो आधी बंद करावा. ‘अ‍ॅपडेटा’ला हात लावू नये.

प्रोग्रॅम डीवर टाकला तरी सीवर थोडी जागा जातेच. विंडोज नव्याने टाकल्यावर डीवरच्या प्रोग्रॅमच्या फाइल उरतात, पण रजिस्ट्री कोरी होते, त्यामुळे बहुतेक प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात. प्रोग्रॅम हलवल्याने संगणक वेगवान होतो हेही खरे नाही. सी एसएसडी आणि डी हार्ड डिस्क असेल तर उलट ते सावकाश उघडतात, कारण साटा एसएसडी सेकंदाला 500 एमबीच्या आसपास वाचते आणि हार्ड डिस्क साधारण 100 ते 200 एमबी.

सर्वांत महाग पडणारा समज म्हणजे डीवर ठेवले की बॅकअप झाला. डी हे अनेकदा त्याच डिस्कचे पार्टिशन असते. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले की ते दिसते. ती डिस्क गेली तर सी आणि डी दोन्ही जातात. डी वेगळी डिस्क असली तरी हलवलेल्या फाइलची प्रत एकच राहते. म्हणून घरचे फोटो आणि कागदपत्रे हलवण्याआधी बाहेरच्या डिस्कवर त्यांची प्रत घ्या, त्यातल्या चार फाइल उघडून पाहा आणि मगच ‘मूव्ह’ दाबा.