बीज, क्षेत्र आणि गर्भजल : लीला दुबे यांचे समाजचिंतन

ग्वाल्हेरच्या कंपू भागातील असो वा अन्य कुठले, सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी कायद्याने सक्तीची आहे. तरीही २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ग्वाल्हेर जिल्ह्यात ८४०, तर शेजारच्या मुरैनात ८२९ मुली होत्या. याचे मूळ शोधताना प्रा. लीला दुबे (१९२३–२०१२) यांच्याकडे वळावे लागते.

त्या माहेरच्या आंबर्डेकर; गायिका सुमती मुटाटकर यांच्या धाकट्या भगिनी. १९७५ मध्ये दिल्लीला जाण्यापूर्वी त्या सागर विद्यापीठात मानवशास्त्र शिकवीत. आप्तसंबंध हा त्यांचा विषय. लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटावरील मुस्लिम समाजावरचा त्यांचा ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे वंश आईकडून चालतो. लग्नानंतरही स्त्री आपल्याच कुळाच्या घरी राहते आणि मुलेही त्याच कुळाची ठरतात.

पितृवंशीय समाजात याच्या उलट घडते. त्याची मीमांसा त्यांनी १९८६ च्या निबंधात ‘बीज’ आणि ‘क्षेत्र’ या प्रतिमांतून केली. पुरुष बीज देतो, स्त्री केवळ जमीन. मग पीक बीजवाल्याचे, आणि जमीनही त्याचीच. ‘वंशाचा दिवा’, ‘परक्याचे धन’ हे आपले रोजचे शब्द याच विचारातून आले आहेत.

या अभ्यासाचा कस गर्भजल परीक्षेच्या वादात लागला. मुली कमी झाल्या की त्यांचे मोल वाढेल, असा अर्थशास्त्रज्ञ धर्मा कुमार यांचा युक्तिवाद होता. १९८३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लीलाताईंनी त्याचा प्रतिवाद केला : जेथे स्त्रिया कमी, तेथे त्यांना पळवून नेणे, विकत आणणे, एकीला अनेक भावांची पत्नी करणे असे प्रकार आढळतात. कारण उघड आहे. टंचाईत वस्तूचा भाव वाढला, तरी लाभ मालकाला होतो, वस्तूला नव्हे.

महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. कायदा यंत्रावर आणि डॉक्टरवर लक्ष ठेवू शकतो. घरातल्या शब्दांवर नाही. ते काम भाषा शिकवणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे आहे. वर्गात ‘कन्यादान’ शब्दाचा विग्रह सांगताना दान कोणाचे आणि देणारा कोण, एवढा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तरी लीलाताईंचे समाजशास्त्र त्यांच्यापर्यंत पोहोचेल.