वाळणं आणि शिजणं

मंडळाचा कार्यकर्ता पिशवीतून टी-शर्ट काढून काही न बोलता टेबलावर पसरतो, तेव्हाच पोटात गोळा येतो. काळ्या कापडावरच्या पांढऱ्या ‘मोरया’तला ‘र’ पहिल्याच धुण्यात गेला होता. उरलं होतं ‘मो या’. “गणपती बुडायच्या आधी नाव बुडवलंसा की,” तो म्हणाला. 80 टी-शर्टांचे पैसे अडकले.

छपाईत चूक नव्हती. चूक होती माझ्या बोटात. छापलेल्या शाईवर फ्लॅशची तापलेली प्लेट धरायची, बोट लावायचं, चिकटलं नाही की घडी घालायची, असं माझं चाललं होतं. पण प्लास्टिसोल शाई वाळतच नाही. तिच्यात उडून जायला पाणीच नसतं. पीव्हीसीचे बारीक कण तेलकट प्लास्टिसायझरमध्ये कालवलेले असतात. डबा आठवडाभर उघडा ठेवला तरी ती ओलीच राहते. थर तळापर्यंत साधारण 160 अंशांना पोचला, की कण विरघळून एकजीव होतात. त्याआधी काढली तर वरून कोरडी, आतून कच्ची. तव्यावरून घाईने उतरवलेली भाकरीच. त्यात पांढरी शाई उष्णतेचे किरण परतवते, म्हणून काळीपेक्षा उशिरा तापते.

मग शाई शिजवणाऱ्या ड्रायरचा शोध सुरू झाला. हीट प्रेस स्वस्त, पण एका वेळी एकच नग, आणि माणूस तिथेच अडकून पडतो. पाण्याच्या शाईला तर ती सोयीचीच नाही, वाफेला वाट मिळत नाही. नव्या कन्व्हेयर ड्रायरचं कोटेशन लाखाच्या पुढे गेलं. इचलकरंजीत बंद पडलेल्या कारखान्यातला एक जुना मिळत होता. पट्टा कडेला फाटलेला, तरी भाव बरा. मशीनवरच्या पाटीवर वाचलं, 18 किलोवॅट, थ्री फेज. माझ्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या खोलीत सिंगल फेज. स्वस्त मशीनमागे वायरिंग, मीटर, वाढीव बिल अशी वरात येते, हे विकणारा सांगत नाही.

शेवटी गेलो शिवाजी उद्यमनगरात. तिथल्या एका मिस्त्रींनी बेकरीवाल्यांच्या भट्ट्या केल्या होत्या. मी तापमानाचंच बोलत राहिलो, तेव्हा ते म्हणाले, “भावा, आग किती हे नंतर बघू. आत किती वेळ ठेवायचंय ते सांग.”

हिशेब तिथे उलगडला. शाईला ड्रायरच्या तापलेल्या बोगद्यात दीड मिनिट हवं. बोगदा चार फुटी असेल तर पट्टा मिनिटाला पावणेतीन फुटांहून कमी वेगाने सरकवावा लागतो, म्हणजे तासाला साठेक टी-शर्ट. सहा फुटी केला तर मिनिटाला चार फूट, आणि नग दीडपट. आपण पैसे मोजतो ते पट्ट्याच्या लांबीचे. माझ्या खोलीत चार फुटांपलीकडे जागाच नव्हती.

मग मिस्त्रींनी चार फुटीच केला: दुहेरी पत्रा, मध्ये रॉकवूल, वर एकेक किलोवॅटचे सहा सिरॅमिक हीटर, टेफ्लॉनच्या जाळीचा तपकिरी पट्टा, गिअर मोटर. सहा किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला 26 अँपिअर. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला आणि मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली. हा खर्च मी आधी धरलाच नव्हता.

पहिल्या दिवशी कंट्रोलरवर आकडा झकास होता. पण तो हवेचा, शाईचा नव्हे. छापलेल्या टी-शर्टवर डावीकडे, मध्ये, उजवीकडे तापमानाच्या पट्ट्या चिकटवून आत सोडला. मधली 160 ला काळी पडली, कडेच्या दोन्ही 140 पुढे सरकल्याच नाहीत. मिस्त्रींनी कडेचे हीटर खाली घेतले, दोन्ही तोंडांना पत्र्याची झापडं लावली. चार फेऱ्यांनंतर तिन्ही जुळल्या. बाहेर आल्यावर तापमानाची गन मारून भागत नाही. ती फक्त वरची कातडी वाचते, आणि तीही झपाट्याने निवत असते.

पावसाळ्याचा वेगळाच खेळ. कोल्हापुरी आषाढात कापडच दमट असतं, आणि पाणी उडून जाईपर्यंत त्याचं तापमान शंभराच्या पुढे फारसं जात नाही. पाण्याच्या पिगमेंट शाईला तर पट्ट्याचा वेग जवळपास निम्मा करावा लागतो. तालमींच्या फुटबॉल संघांच्या जर्सीचं उलटं. पॉलिस्टर जास्त तापलं की कापडाचा रंग वाफ होऊन शाईत शिरतो. लाल जर्सीवरचा पांढरा 10 दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेला पाहिलाय मी. तिथे कमी तापमानाला शिजणारी महाग शाई घ्यावीच लागते.

आता दर ऑर्डरीतला पहिला नग घरी पाच वेळा धुतो, मगच बाकीचे सोडतो. यंदा श्रावणात तेच मंडळ पुन्हा आलं, 120 टी-शर्टांसाठी. कार्यकर्त्याने नमुना उचलला, ‘मोरया’ दोन्ही हातांनी ताणला. ‘र’ जरा जास्तच.