बर्फावर दोघं

टोरांटोत नव्यानं राहायला आलेल्या बाईला थंडीपेक्षा घराच्या चार भिंती जास्त छळतात. डिसेंबरात पावणेपाचला अंधार! घराबाहेर पाऊल टाकायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते निमित्त तिथल्या नगरपालिकेनंच करून दिलं आहे. शहरात जागोजागी उघड्यावर बर्फाच्या रिंका आहेत. त्यातली सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे नेथन फिलिप्स चौकातली. 1965 साली उघडलेल्या सिटी हॉलच्या दोन वाकड्या मनोऱ्यांसमोर उन्हाळ्यात जे तळं असतं, त्याचीच थंडीत रिंक होते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि स्केट भाड्यानं मिळतात.

पण तिथं नाच कसला, असं तुम्ही विचाराल. 'आइस डान्सिंग' आपण टीव्हीवर पाहिलेलं असतं. 1976 पासून ते ऑलिंपिकमध्ये आहे, आणि कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू व स्कॉट मॉयर या जोडीनं 2010 आणि 2018 साली त्यात सुवर्णपदक मिळवलं. ते बघून कुणीही म्हणेल, बाई गं, हे आपलं काम नव्हे! पण त्याचा एक साधा, हौशी प्रकारही आहे. पावलं ठरलेली, लय ठरलेली. भोंडल्याचा फेर ज्याला येतो तो कुठल्याही अंगणात फेरात शिरू शकतो ना, तसंच. उड्या नाहीत की बाईला डोक्यावर उचलून धरणं नाही.

आम्ही दोघं पन्नाशीच्या उंबरठ्यावर याच्या नादी लागलो. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि घरात 'जेवायला या' आणि 'बिल भरलंत का' एवढंच बोलणं उरलं. भांडण नव्हतं हो, पण बोलायला विषयच नव्हता.

पहिला नाच शिकायचा तो डच वॉल्ट्झ. नाव डच असलं तरी जन्म अमेरिकेतला, 1948 चा, जॉर्ज म्युलर यांनी बसवलेला. नवशिक्यांना सोपा अशासाठी, की सगळी पावलं पुढेच जाणारी, आणि दोघांची पावलं सारखीच. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. दादरा ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे मोजणं जड जात नाही. बाई पुरुषाच्या उजव्या हाताला उभी राहते. त्याचा उजवा हात मागून तिच्या कमरेवर येतो, तिथं तिनं तो आपल्या उजव्या हातानं धरायचा. डावे हात पुढे एकमेकांत. भर चौकात, चारचौघांत! पहिल्या दिवशी मी इकडेतिकडे बघून घेतलं. कुणाचंच लक्ष नव्हतं, जो तो आपापला तोल सांभाळत होता.

खरी गोम पुढेच आहे. स्केटचं पातं खालून पन्हळीसारखं खोलगट असतं, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. नाच त्या धारांवर चालतो. ज्या बाजूला कलायचं, त्या धारेवर आपलं वजन आपणच पेलायचं. जोडीदाराच्या हातावर भार टाकला की दोघंही खाली. "अहो, ओढू नका" आणि "अगं, लोंबकळू नकोस" हे आमचे पहिल्या महिन्यातले संवाद. रस्त्यानं नेहमी चार पावलं पुढे चालणाऱ्या माणसाला इथं बाजूनंच यावं लागतं, घाई केली की हात ताणला जातो आणि लय तुटते. मग दोघांनी मोठ्यानं मोजायचं. घरी चहा पितानासुद्धा आम्ही बोटांनी टेबलावर ताल धरू लागलो, आणि त्यावरून चांगले वादही झडले. वाद घालायला तरी विषय मिळाला!

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. नेथन फिलिप्स चौकात संध्याकाळी, सुटीच्या दिवशी तोबा गर्दी असते; तेव्हा सगळ्यांबरोबर एकाच दिशेनं साधं फिरावं, नाच करू नये. त्यासाठी मोहल्ल्यातली रिंक आणि सकाळची वेळ बरी. साडीचा मोह सोडा, सलवारही घोळदार नको. मोजे दोन-दोन चढवू नका, एकच पातळ जोड घाला, आणि घोट्यापाशी नाडी घट्ट आवळा. हातमोजे हवेतच. पडणार असं वाटलं की गुडघे वाकवून कुशीवर पडा, आणि लगेच मुठी मिटा, कारण मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जाऊ शकतं. हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय बर्फावर जाऊच नका. घरी आल्यावर पातं विळीसारखं कोरडं पुसून ठेवावं, ओलं राहिलं की गंजतं.

यानंतरचा आमचा नाच कॅनास्टा टँगो. तो तर टोरांटोचाच, 1951 साली तिथल्याच एका स्केटिंग क्लबात पहिल्यांदा झालेला. यात बाई पुरुषाच्या डाव्या हाताला उभी राहते. ह्यांचं म्हणणं, आधी वॉल्ट्झ न अडखळता होऊ दे, घाई कसली? मी मात्र स्वयंपाकघरात ओट्याशी डावीकडून उभं राहून बघते आहे.