रात्रीची क्वार्टर आणि पहाटेचा फड

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. पुढचे पाच-सहा महिने बिऱ्हाड कोपीत, म्हणजे झोपडीत, आणि काम उसाच्या फडावर. तिथला दिवस पहाटे उजाडण्याआधीच सुरू होतो. आदल्या रात्री घेतलेली दारू तेव्हा अंगातून जेमतेम उतरत असते. बीड जिल्ह्यात दारू ऊसतोड कामगारच पितात असं मुळीच नाही. पगारदार पितात, पुढारी पितात, लग्नाच्या वरातीत कोवळी पोरंही पितात. पण दुसऱ्या दिवशीच्या त्रासाची सगळ्यात जबर किंमत मोजतो तो हातात कोयता असलेला माणूस.

हिशेब साधा आहे. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. व्हिस्की किंवा रममध्ये अल्कोहोल 42.8 टक्के असतं, म्हणजे एका क्वार्टरमधून साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. यकृत तासाला त्यातलं 7 ते 10 ग्रॅम निपटतं. रात्री नऊला बाटली रिकामी केली, तर अंगातली दारू संपायला पहाटेचे तीन ते साडेपाच वाजतात. लिंबूपाणी, ताक, काळा चहा, डोक्यावर गार पाणी, यांतल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. डोकं ठणकणं, मळमळ, हातापायांतला गळाठा हे सगळं शिगेला पोहोचतं ते रक्तातली दारू शून्यावर येत असताना. नेमकी तीच फडावर जायची वेळ.

दारू मेंदूतून सुटणारं, लघवी आवरणारं संप्रेरक दाबते. त्यामुळे रात्रभर पाणी जात राहतं आणि सकाळी घशाला कोरड पडते. यकृतात दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते दारूपेक्षा विषारी. जठराच्या अस्तराची आग होते, म्हणून पित्त उसळतं. झोप लागते लवकर, पण उत्तररात्री मोडते. शिवाय यकृत दारूच्या मागे लागलं की नवी साखर तयार करायचं काम मागे पडतं. न जेवता प्यायलेल्या माणसाला सकाळी घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा अंगाने वाकून ऊस तोडायचा, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पाय घसरायला आणखी काय हवं? नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा कोपीत पडून राहिला, तर त्याच्या वाट्याचं ओझंही बाईवर येतं, आणि खाड्याचे पैसे दोघांच्या हिशेबातून कापले जातात.

मग उतारा म्हणून सकाळी पुन्हा घोटभर घेतली जाते. बरं वाटतं, हे खरं. पण त्रास मिटत नाही, संध्याकाळवर ढकलला जातो. व्यसनाची वाट अनेकदा इथूनच सुरू होते. अंगदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आधीच सोललेल्या जठराला आणखी जाळतात. रोज पिणाऱ्याच्या यकृताला पॅरासिटामॉल जड जातं. गावाकडे ‘एक सलाईन लावा’ म्हणायची रीत आहे. उलट्या थांबत नसतील तर ते लागतंही. मात्र वर्षानुवर्षं पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाला ब-1 जीवनसत्त्व न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. साध्या त्रासावर खरे उपाय तीनच: घोट घोट पाणी किंवा ओआरएस, भाकरी-वरणासारखं साधं जेवण, आणि सावलीत विश्रांती. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, चैत्र-वैशाखाच्या लग्नसराईत रात्री पिऊन दुसऱ्या दिवशी उन्हात फिरणाऱ्यांना तर उष्माघात गाठू शकतो.

दोन गोष्टी मात्र ‘चढली होती, उतरेल’ म्हणून सोडून देऊ नयेत. पहिली विषारी दारू. 2015च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीत शंभरावर माणसं गेली; 2017च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात पांगरमलला निवडणुकीच्या जेवणावळीतल्या दारूने बळी घेतले. अशा दारूतल्या मिथेनॉलचं शरीरात फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. बारा ते चोवीस तास माणूस नुसता सुस्त वाटतो. मग धूसर दिसणं, पोटात कळा, धाप. अशाला झोपवून ठेवणं म्हणजे जीव घालवणं.

दुसरी गोष्ट, रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद करणं. सहा तासांपासून थरथर, दोन दिवसांच्या आत कधीही झटके, पुढे भास आणि बडबड. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही लागलंय. पण हा उपचाराने बरा होणारा, आणि उपचाराविना जीवघेणा ठरू शकणारा आजार आहे. दारू सोडायचीच, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा देशभराचा मोफत क्रमांक आहे.

दिसेनासं झालं, झटका आला, श्वास मंदावला किंवा हलवूनही जाग येईना, तर माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि 108ला फोन करा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो की बीडचं जिल्हा रुग्णालय, तिथे गेल्यावर काय प्यायला, किती आणि कधी, हे लाज न बाळगता खरं सांगा. उपचार त्यावरच ठरतो.