अल्पवयीन अपत्याच्या उत्पन्नावरील प्राप्तिकर (भारत)

भारतात १८ वर्षांखालील अपत्याला व्याज, लाभांश, भाडे इत्यादींतून मिळणारे उत्पन्न सामान्यतः आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात मिळवून त्यावर प्राप्तिकर आकारला जातो. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील कलम ६४(१अ) ही याबाबतची तरतूद १९९३-९४ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली. १ एप्रिल २०२६ पासून अमलात आलेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्येही ती कायम आहे. मुलांच्या नावे ठेवी विभागून कर टाळला जाऊ नये, हा तिचा हेतू आहे.

== उत्पन्न कोणाचे धरतात ==
आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्या विवरणपत्रात ही रक्कम दाखवावी लागते. विवाह संपुष्टात आला असल्यास अपत्याचा सांभाळ करणाऱ्याच्या उत्पन्नात ती धरतात. सावत्र व दत्तक अपत्यांनाही हा नियम लागू आहे. जुन्या करप्रणालीत प्रत्येक अपत्यामागे १,५०० रुपयांपर्यंत सूट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. उदाहरणार्थ, मुलीच्या ठेवीवर २०,००० रुपये व्याज मिळाल्यास जुन्या प्रणालीत १८,५०० रुपये आणि नव्या प्रणालीत संपूर्ण २०,००० रुपये मिळवले जातात.

== अपवाद ==
अपत्याने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने व कलागुणांनी मिळवलेले उत्पन्न त्याचे स्वतःचेच मानले जाते. मात्र ती कमाई गुंतवून मिळणारे व्याज पालकाच्या उत्पन्नात जाते. कायद्यात नमूद केलेले अपंगत्व असलेल्या अपत्याचे उत्पन्न मिळवले जात नाही. आईवडील दोघेही हयात नसल्यास अपत्यावर स्वतंत्र करआकारणी होते. अशा स्वतंत्र उत्पन्नाने करमुक्त मर्यादा ओलांडल्यास पालनकर्ता प्रतिनिधी या नात्याने विवरणपत्र भरतो.

== शेतजमीन ==
वडिलांच्या निधनानंतर अल्पवयीन वारसाचे नाव सातबारावर ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) अशा नोंदीसह लागते. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील पारगाव हे ऊस पट्ट्यातील गाव असून तेथील दत्तात्रयनगर येथे भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. अशा भागात वारसाच्या जमिनीतील उसाचे पैसे शेतीउत्पन्न म्हणून करमुक्त असतात. परंतु ते बँकेत ठेवल्यावर मिळणारे व्याज शेतीउत्पन्न नसते. ते आईच्या उत्पन्नात धरले जाते.

== करमुक्त गुंतवणूक ==
सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना यांवरील व्याज करमुक्त असल्याने ते पालकाचा कर वाढवत नाही.