पहिल्या पानाचा सौदा

घरची हळद, गूळ, काकवी वेबसाइटवरून थेट गिऱ्हाइकाला विकावी असे हल्ली शिकलेल्या मुलांच्या मनात येते. विचार चांगला आहे. परंतु वेबसाइट उभी राहते न राहते तोच कोणी दलाल फोन करतो, "एवढे पैसे भरा, गूगलवर तुमचे नाव पहिल्या पानावर आणतो." मग घरात वाद होतो. बाप म्हणतो, आपला माल बोलेल. मुलगा म्हणतो, माल दिसलाच नाही तर बोलेल कुणाशी?

गूगलची ही युक्ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी काढली. कंपनी १९९८ साली स्थापन झाली. युक्ती आपल्या बैलबाजारातलीच. बैल चांगला आहे असे किती जण सांगतात हे आपण पाहतो, पण सांगणारा कोण हेही पाहतो. एका वेबसाइटने दुसरीकडे बोट दाखवले की गूगल ती साक्ष धरते, आणि जाणत्याच्या साक्षीला अधिक वजन देते. आता या जोडीला इतरही पुष्कळ कसोट्या आहेत.

साक्ष म्हटली की खोटी साक्षही आलीच. जे. सी. पेनी हे अमेरिकेतील कपडे व घरसामानाचे मोठे जुने दुकान. त्याच्याकडे बोट दाखवणारे दुवे काही संबंध नसलेल्या हजारो पानांवर पेरलेले होते आणि त्या जोरावर ते कित्येक वस्तूंच्या शोधात पहिले येत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने हे उघडकीस आणले. गूगलने कारवाई करताच काही शोधांत हे दुकान पहिल्या क्रमांकावरून साठ-सत्तराव्या क्रमांकाच्याही खाली गेले. एवढ्या मोठ्या पेढीने ते सोसले. आपल्या दोन एकर हळदीच्या दुकानाला ते सोसेल काय?

दुसरा प्रकार मजकुराच्या रतीबाचा. डिमांड मीडिया नावाची कंपनी, लोक काय शोधतात आणि कोणत्या शोधावर जाहिरातीचे पैसे जास्त मिळतात हे यंत्राने काढून, त्याबरहुकूम थोड्या पैशांत लेख लिहवून घेई. जानेवारी २०११ मध्ये ती शेअर बाजारात आली, तेव्हा तिचे मोल खुद्द न्यू यॉर्क टाइम्स कंपनीपेक्षा अधिक ठरले! महिन्याभरातच गूगलने पोकळ मजकूर मागे टाकणारा 'पांडा' नावाचा बदल केला. त्याचा पुढे तिलाही फटका बसला आणि २०१६ साली तिने नावही बदलले. मात्रेबाहेर युरिया दिलेले पीक बांधावरून असेच काळेभोर दिसते, मळणीच्या वेळी समजते.

त्याच २०११ साली ब्रायन लॅम या पत्रकाराने 'वायरकटर' सुरू केले. लेख थोडे, पण वस्तू खरोखर वापरून, तपासून लिहिलेले. २०१६ साली न्यू यॉर्क टाइम्स कंपनीने ते सुमारे तीन कोटी डॉलरना विकत घेतले.

म्हणून मुलाचे म्हणणे सोडून द्यावे असे नाही. गिऱ्हाईक ज्या शब्दाने शोधते तो शब्द पानावर हवाच. आम्ही खात्यातली माणसे इथेच चुकतो. मिरचीच्या रोगाचे इंग्रजी नाव घालून माहितीपत्रक काढतो आणि शेतकरी बिचारा 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या' म्हणून शोधत बसतो! माहिती खरी असून कुणाच्या हाती लागत नाही. अशी दुरुस्ती करणे ही लबाडी नव्हे.

आता यंत्रच लेख लिहू लागल्याने रतीब आणखी स्वस्त झाला आहे. केवळ क्रमांकासाठी असे ढीग रचणाऱ्यांविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. शिवाय शोधाच्या वरच यंत्राने जुळवलेले उत्तर पुष्कळदा येते. 'हळदीचे फायदे' हजारोंनी लिहिले आहेत. त्यात आपली भर कशाला?

त्यापेक्षा वाण सेलम की दुसरे, शेणखत किती घातले, हळकुंडे किती वेळ शिजवली, किती दिवस उन्हात वाळवली, पॉलिश करताना रंग लावला की नाही, हे लिहावे. गृहिणींनी आपली दळण्याची व साठवण्याची रीत सांगावी. काहील चुलीवर चढली की छायाचित्रे काढून घ्यावीत. तो हंगाम हुकला, तर पुढल्या वर्षापर्यंत थांबावे लागते.