खोक्यावर पेंग्विन शोधू नका

‘हा प्रिंटर लिनक्सवर चालेल ना?’ हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा की पुण्याच्या तपकीर गल्लीत, दुकानदार आधी तुमच्याकडे निरखून बघतो आणि मग म्हणतो, ‘विंडोज टाकून घ्या ना साहेब.’ खोक्यावर विंडोजचं नाव असतं, मॅकचं असतं, फोनच्या ॲपचा क्यूआर कोडही असतो. लिनक्सचा पेंग्विन कुठेच नसतो. आणि गंमत अशी की हल्ली तो नसल्याने फारसं बिघडत नाही. पाहायची खूण वेगळीच आहे, आणि ती आयफोनवाल्यांच्या सोयीसाठी छापलेली आहे. तिच्याकडे वळूच. आधी थोडी जुनी भांडणं उकरू, कारण लिनक्सवाल्यांचं आणि प्रिंटरचं वैर खुद्द लिनक्सहूनही जुनं आहे.

कागद अडकला, चळवळ सुटली

१९८०च्या सुमाराची गोष्ट. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून नवा लेझर प्रिंटर मिळाला. वेगवान, देखणा आणि कागद अडकवण्यात पटाईत. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने आधीच्या प्रिंटरसाठी एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की रांगेतल्या सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप यायचा आणि कुणीतरी उठून तो सोडवायचा. नव्या प्रिंटरलाही तेच शिकवायचं, तर त्याचा सोर्स कोड हवा. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाकडे होता. स्टॉलमन तिथवर जाऊन थडकला. प्राध्यापक म्हणाले, कुणाला देणार नाही असं कबूल करून बसलोय. स्टॉलमनच्या डोक्यात ते जे बसलं ते कायमचं. १९८३मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. आज आपण ज्याला सरसकट लिनक्स म्हणतो त्याचा मोठा हिस्सा तिथून आलेला आहे. सगळं श्रेय एका अडकलेल्या कागदाला देणं जरा जास्त होईल, पण हा किस्सा स्टॉलमन स्वतःच सांगत आला आहे.

‘प्रिंटरला आग लागली आहे’

ही अफवा नाही, लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, लिहिलेला संदेश आहे. जुन्या पॅरलल पोर्टवरचा प्रिंटर संगणकाला मोजक्याच खुणा करू शकायचा. कागद संपला, तर एक खूण. प्रिंटर ऑफलाइन, तर दुसरी. दोन्ही नाहीत आणि तरी काहीतरी बिनसलंय, असं असेल तर? तर कर्नेल सरळ सांगून मोकळा: ‘एलपी-शून्य ऑन फायर’. पॅरलल पोर्ट कधीच भंगारात गेला, संदेश मात्र टिकून आहे.

मंगळवारचा उपास

हा माझा सगळ्यात आवडता. २००८-०९च्या सुमारास उबुंटू या लिनक्सच्या तक्रारपेटीत एक बग नोंदला गेला: ओपनऑफिस मंगळवारी छापत नाही. नोंदवणाऱ्याची बायको हे केव्हापासून सांगत होती, आणि अर्थातच तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. बाई बरोबर होती! छपाईला जाणाऱ्या फाइलमध्ये तारीख लिहिलेली असते आणि मंगळवारी तिच्यात ‘ट्यू’ ही इंग्रजी अक्षरं येतात. फाइल कोणत्या जातीची आहे हे ओळखणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधला एक नियम चुकीचा लिहिला गेला होता. ठरावीक जागी ‘ट्यू’ दिसलं की तो ठरवायचा, ही एर्लँग नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेतली फाइल. मग प्रिंटरचा ड्रायव्हर म्हणायचा, असलं काही आपण छापत नाही. सोमवारी चालू, बुधवारी चालू, मंगळवारी कडकडीत उपास.

पेपरवेट

ड्रायव्हरच्या या जंगलात लोकांनी वाट कशी काढली? लिनक्सप्रिंटिंग नावाची एक यादी होती. पुढे ती ओपनप्रिंटिंग या प्रकल्पात गेली. कोणता प्रिंटर लिनक्सवर किती चालतो याची तिच्यात प्रतवारी असे: उत्तम, बऱ्यापैकी, अर्धवट आणि चौथी प्रत ‘पेपरवेट’. म्हणजे कागदावर छापता येणार नाही, कागद उडू नये म्हणून वर ठेवता येईल.

पेपरवेट बहुधा कोण व्हायचे? जे स्वस्तात बसवण्यासाठी आपली अक्कल संगणकातल्या ड्रायव्हरकडे गहाण टाकून यायचे ते. पान कसं मांडायचं हे सगळं ड्रायव्हर ठरवणार, प्रिंटर नुसते ठिपके टाकणार. ड्रायव्हर विंडोजपुरताच लिहिला असेल तर बाकीच्यांसाठी तो डबाच. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर वर्षानुवर्षं दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. इंकजेट नव्हे, लेझर आहे आणि मशीन म्हणून दणकट. पण तो कॅननच्या खास भाषेतच बोलतो, आणि त्याला लिनक्सवर बोलतं करता करता भल्याभल्यांच्या रविवारची वाट लागली आहे. एचपीचा लेझरजेट १०२० तर दर वेळी चालू केल्यावर संगणकाने फर्मवेअर भरवल्याशिवाय कामालाच लागत नाही. जुन्या बाजारात स्वस्त मिळाला म्हणून उचलू नका, एवढंच.

आयफोनने लावलेली शिस्त

आता ती खूण. तिचं नाव एअरप्रिंट.

लिनक्सवर छपाईचा सगळा कारभार ‘कप्स’ नावाची प्रणाली पाहते. मायकेल स्वीटने ती १९९७मध्ये लिहायला घेतली आणि दोनेक वर्षांत बाहेर काढली. २००२मध्ये ॲपलने हीच कप्स आपल्या मॅकमध्ये घेतली आणि २००७मध्ये तिचे हक्क विकत घेऊन स्वीटलाही नोकरीवर ठेवलं. म्हणजे महागड्या मॅकमधून पान निघतं तेव्हाही आत यंत्रणा लिनक्सचीच भावकी. (स्वीट २०१९च्या अखेरीस ॲपलमधून बाहेर पडला. लिनक्सवाल्यांची कप्स आता ओपनप्रिंटिंगकडे वाढते आहे.)

२०१०मध्ये ॲपलपुढे वेगळाच पेच होता. आयफोनवरून छापायचं कसं? फोनवर कुणी सीडी घालून ड्रायव्हर टाकत बसणार नाही. मग ॲपलने बाजू उलटवली. प्रिंटरनेच वायफायवर आपली ओळख करून द्यायची: मी अमुक, रंगीत छापतो, ए-फोर घेतो, दोन्ही बाजूंनी छापू शकतो, फाइल अशी पाठवा. या बोलण्याचा पाया आयपीपी नावाचं खुलं प्रमाण होतं, आणि कप्स सुरुवातीपासून त्याच पायावर उभी होती. आयफोनवर चालत नाही म्हटलं की विक्री बसते, म्हणून कंपन्यांनी मुकाट्याने प्रिंटर शहाणे केले. २०१३मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे सर्वांसाठीचं प्रमाण आलं. त्याच वर्षी कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी अँड्रॉइडकडच्या मंडळींसाठी मोप्रिया ही संघटना काढली. लिनक्सवाल्यांना जे वीस वर्षं विनवण्या करून मिळालं नाही, ते फोनवाल्यांच्या धाकाने फुकटात पदरात पडलं.

म्हणून खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात एअरप्रिंट हा शब्द असेल तर निम्मी लढाई जिंकलात. मोप्रिया असेल तरी बहुतेक काम होतं. बऱ्यापैकी अलीकडचं उबुंटू, फेडोरा, मिंट किंवा डेबियन असलं की वायफायवरचा असा प्रिंटर आपोआप यादीत येतो, ड्रायव्हरचं नावही काढावं लागत नाही. यूएसबीची वायर लावूनही हाच संवाद करणारा एक प्रोग्रॅम आहे, आणि २०२१च्या डेबियन ११पासून तो नेहमीच्या मांडणीत येतो. पण त्यासाठी प्रिंटरलाही ती भाषा यूएसबीवर बोलता यायला हवी. ऑल-इन-वन घेत असाल तर स्कॅनरचंही याच पद्धतीने भागतं. एअरप्रिंटवाले बहुतेक स्कॅनर ड्रायव्हरविना चालतात.

एक फसगत टाळा. वायफाय म्हणजे एअरप्रिंट नव्हे! स्वस्त इंकटँकांमध्ये वायफाय असतं, फोनवर कंपनीचं ॲपही असतं, आणि एअरप्रिंट मात्र नसतं. तेव्हा मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन माहितीपत्रक वाचा. एका अंकाने फरक पडतो.

एअरप्रिंट नसेल तर कुणाच्या दारात?

बजेट कमी, फक्त यूएसबीवाला इंकटँक घ्यायचाय, तर ड्रायव्हर लागणार. इथे माझा कौल एचपी आणि एप्सनला. एचपी स्वतः लिनक्ससाठी ‘एचपीलिप’ नावाचा संच काढते आणि तो बहुतेक लिनक्समध्ये आधीच असतो किंवा एका क्लिकवर मिळतो. काही मॉडेलांना वरून एक बंद प्लगइन लागतं, ते एचपीलिपच्या यादीत तपासा. एप्सनने आपल्या ईएससी/पी-आर ड्रायव्हरचा कोड खुला केलेला आहे. आपल्या बाजारात गाजलेले एल ३११० आणि एल ३१५० त्यावर चालतात. कॅननचा ड्रायव्हर अर्धा उघडा, अर्धा बंद. ब्रदरची पॅकेजं मिळतात, पण त्यातली बरीचशी इंटेलच्या प्रोसेसरसाठी बांधलेली असतात, म्हणून रास्पबेरी पायवर प्रिंट सर्व्हर करायचा बेत असेल तर तिथे गाडी अडते.

जुन्या एप्सनसाठी गुटेनप्रिंटही आहे. गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी त्याच मायकेल स्वीटने लिहिलेल्या एका प्लगइनमधून तो वाढला. छापखान्याचा आद्यपुरुष गुटेनबर्ग त्याच्या नावात आहे, आणि ड्रायव्हरचं याहून भारदस्त नाव मला ठाऊक नाही.

एचपीच्या काही मॉडेलांच्या नंबरामागे इंग्रजी ‘ई’ असतो. तो एचपी प्लस योजनेसाठी, म्हणजे खातं काढा, इंटरनेट सतत चालू ठेवा आणि कंपनीचीच शाई वापरा. लिनक्सवाल्याच्या स्वभावाला हे मानवणारं नाही.

शाईचे दोन पंथ

१९७७मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो या संशोधकाच्या टेबलावर तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाईची चिळकांडी उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो, हे तिथे कळलं. साधारण त्याच काळात अमेरिकेत एचपीचे संशोधकही त्याच वाटेने चालले होते. त्यांचा थिंकजेट १९८४मध्ये आला. एप्सनचा पंथ वेगळा: उष्णता नाही, विजेने किंचित वाकणारा स्फटिक. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८१मध्येच प्रयोगाने दाखवला होता.

खरेदीत याचा संबंध इतकाच, की एप्सनचा हेड मशीनमध्ये कायमचा बसवलेला असतो. तो तुंबला तर दुरुस्ती महाग. कॅनन आणि एचपीच्या घरगुती मॉडेलांमध्ये हेड बहुधा काढून नवा घालता येतो. परीक्षा आणि प्रकल्पवह्यांच्या हंगामातच ज्यांच्याकडे छपाई होते, त्यांनी याचा विचार करावा.

इंकटँकची कथा इंडोनेशियात सुरू होते. तिथे लोक कार्ट्रिजला नळ्या जोडून बाहेरून बाटलीने शाई भरत. एप्सनने २०१०मध्ये तोच जुगाड कारखान्यातून बनवून विकायला काढला, आणि पुढे भारतानेही तो उचलून धरला. एल ३११०च्या काळ्या शाईच्या ६५ मिलीच्या बाटलीत ४,५०० पानं, असा कंपनीचा हिशेब आहे.

शाई वाळू नये म्हणून आठवड्याला एखादं रंगीत पान काढावं, हे दुकानदारही सांगतो. लिनक्सवाल्याला ते लक्षात ठेवायचीही गरज नाही. ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या क्रॉन या प्रोग्रॅमला एक ओळ लिहून द्या. दर रविवारी सकाळी प्रिंटर स्वतःहून चार रंगांचं पान काढेल, आणि घरातलं कुणीतरी विचारेल की हे भूत काय छापतंय.

दुकानात लॅपटॉप न्या

डेमो पीस असेल तर सरळ चाचणी घ्या. लॅपटॉप, किंवा लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह, प्रिंटरच्याच वायफायवर जोडा आणि टर्मिनलमध्ये ‘ड्रायव्हरलेस’ हा आदेश इंग्रजीत टाइप करा. आयपीपीने सुरू होणारा पत्ता आला की खिशातून कार्ड काढायला हरकत नाही. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचं ६३१ नंबरचं पोर्ट उघडलंत तर कप्सचा स्वतःचा कारभारही दिसतो. तेच पोर्ट बाहेरच्या जगाला मात्र उघडं ठेवू नका. २०२४मध्ये कप्सच्या एका उपप्रोग्रॅममधून खोटा प्रिंटर घुसवता येतो असं उघडकीला आलं होतं, म्हणून अपडेट करत राहा.

मराठी छपाईची काळजी नको. लोहित या मुक्त फाँटमालिकेची देवनागरी अक्षरं पुण्यातच घडली आहेत. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ करा आणि छापा, जोडाक्षरं स्क्रीनवर दिसतात तशीच कागदावर उतरतील.

आणि पहिलं पान काढण्याआधी सेटिंगमध्ये कागद बघा. काही लिनक्स अजून अमेरिकेतला ‘लेटर’ धरून चालतात. तो ए-फोरपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड आहे, म्हणून समास खाल्ला गेला की दोष प्रिंटरला देऊ नका.